जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वी



या सदरात एरवी आपण बियाणे, खते, कीड-रोग आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी बोलतो. आजचा विषय थोडा वेगळा, पण घरोघरचा आहे. कोरेगाव तालुक्यातल्या कोणत्याही गावी शिवारफेरी आटोपून ओसरीवर टेकलो, की घेवड्यावरच्या माव्याच्या आणि आल्याच्या कंदकुजीच्या प्रश्नांबरोबर हल्ली आणखी एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, पोरीसाठी घेतलेला कॉम्प्युटर सुरू व्हायलाच दहा मिनिटं घेतोय. दुकानदार म्हणतो आता नवाच घ्या. घ्यावा का?"

हा प्रश्न आमच्या खात्याचा नव्हे, असे म्हणून तो टाळता येत नाही. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. योजनांचे अर्ज महाडीबीटीवर भरावे लागतात. मुलामुलींचे प्रवेश, दूध संस्थेचा हिशेब, बचत गटाचे वहीखाते, द्राक्षबागेच्या फवारणीच्या नोंदी, सगळे हळूहळू संगणकात गेले. अर्जाची शेवटची तारीख उद्यावर आली असावी आणि संगणकाच्या पडद्यावर नुसते चक्र फिरत राहावे, याने जिवाची काय तगमग होते ते ज्याचे त्यालाच ठाऊक. म्हणून माणूस वैतागून नवा घ्यायला निघतो. पण पेरणीच्या तोंडावर पंचवीस-तीस हजार रुपये म्हणजे थट्टा नव्हे. तो बियाण्याचा आणि खताचा पैसा असतो.

माझे सांगणे एवढेच आहे, की विहिरीवरची मोटर पाणी कमी देऊ लागली म्हणून आपण लगेच नवी मोटर आणत नाही. आधी फुटव्हॉल्व्ह पाहतो, जाळीत कचरा अडकला का ते पाहतो. संगणकाचेही तसेच करावे. तो कोठे अडतो आहे ते आधी शोधावे, आणि जेथे अडतो तेथेच पैसा घालावा. आठ-दहा वर्षांपूर्वीचे बहुतेक घरगुती संगणक एकाच जागी अडतात. ती जागा म्हणजे त्यांची हार्ड डिस्क. ती काढून एसएसडी बसविली, की बहुतेक घरांचे काम काही हजारांत भागते.

स्वयंपाकघर आणि कोठीची खोली

संगणकाच्या आत काय चालते, ते घरातल्या उदाहरणाने समजून घेऊ. स्वयंपाकघरात रांधणारी बाई असते, तिच्यासमोर ओटा असतो आणि धान्य-मसाला ठेवण्याची कोठीची खोली असते. संगणकातली रांधणारी बाई म्हणजे प्रोसेसर. ओटा म्हणजे रॅम, ज्यावर हाताशी लागणारे सामान मांडलेले असते. कोठीची खोली म्हणजे हार्ड डिस्क. तुमचे फोटो, हिशेब, कागदपत्रे आणि संगणक चालविणारी विंडोज प्रणाली हे सारे तेथे साठविलेले असते. वीज गेली की ओटा रिकामा होतो, कोठी मात्र भरलेलीच राहते. म्हणून संगणक सुरू करताना दर वेळी कोठीतून सामान आणून ओटा नव्याने मांडावा लागतो.

आता रांधणारी बाई कितीही चपळ असली, तरी कोठी परसाच्या टोकाला असेल आणि मीठ, मोहरी, हळद एकेक करून आणावी लागत असेल, तर स्वयंपाकाला उशीर होणारच. त्यात त्या बाईचा दोष नाही. जुन्या संगणकाचे नेमके हेच होते.

हार्ड डिस्कच्या डबीत चुंबकीय लेपाची गोल तबकडी असते. लॅपटॉपमध्ये ती बहुधा मिनिटाला ५,४०० फेऱ्या घेते, टेबलावरच्या संगणकात ७,२००. जुन्या ग्रामोफोनच्या सुईसारखा एक लहानसा हात तिच्यावर मागे-पुढे सरकत माहिती वाचतो. फरक इतकाच, की हा हात तबकडीला टेकत नाही, केसाच्या जाडीच्याही कितीतरी पट कमी अंतरावर तरंगत राहतो. हवी ती जागा गाठण्यासाठी आधी हात सरकावा लागतो, मग तबकडीचा तो भाग फिरत हाताखाली यावा लागतो. मिनिटाला ५,४०० फेऱ्या म्हणजे एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. सरासरी अर्धी फेरी वाट पाहायची, त्यात हात सरकण्याचा वेळ मिळवायचा, म्हणजे एका हेलपाट्याला साधारण १५ मिलिसेकंद लागतात.

ऐकायला हे काहीच नाही. पण संगणक सुरू होताना जागोजागी विखुरलेले हजारो लहान तुकडे आणावे लागतात. समजा दहा हजार हेलपाटे घालायचे आहेत. पंधरा मिलिसेकंदांच्या हिशेबाने त्यांना दीडशे सेकंद, म्हणजे अडीच मिनिटे लागली. त्यावर विषाणू तपासणारी प्रणाली, आपोआप उतरणारी सुधारणा आणि चार-सहा नको असलेली कामे त्याच वेळी कोठीच्या दारात गर्दी करतात. मग अडीचाची दहा मिनिटे व्हायला वेळ लागत नाही.

एसएसडीत फिरणारे काहीच नसते. तबकडी नाही आणि हातही नाही. पेनड्राइव्ह आणि मोबाइलच्या मेमरीत असतात त्याच जातीच्या चिपांवर माहिती विद्युतभाराच्या रूपाने साठविली जाते. कोणताही तुकडा साधारण मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात हाती येतो. वरच्या हिशेबातले दहा हजार हेलपाटे येथे एका सेकंदात संपतात. कोठी परसातून उचलून ओट्याशेजारच्या फडताळात आणावी, तसा हा प्रकार आहे. बाई तीच, ओटाही तोच, पण जेवण वेळेवर तयार.

या चिपांचा मूळ शोध जपानच्या तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका यांचा. आज वापरात असलेला नँड प्रकार १९८७ मध्ये जगापुढे आला. त्याआधी १९५६ मध्ये आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तेव्हा तिच्यात प्रत्येकी दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि साठवण होती अवघी ५ मेगाबाइट. आजच्या मोबाइलने काढलेला एखादा चांगला फोटोसुद्धा तेवढी जागा घेतो. घरात बसवायची २४० जीबीची एसएसडी आज खिशातल्या लहान डायरीएवढी असते.

आधी निदान, मग औषध

पानावर ठिपके दिसले की लगेच पंप पाठीवर घेऊ नये, हे मी नेहमी सांगतो. येथेही तेच.

संगणक सुरू झाल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबावीत. 'टास्क मॅनेजर' नावाची चौकट उघडते. तीत सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे रकाने दिसतात. घरातल्या शाळकरी मुलालाही हे दाखविता येईल. डिस्कचा आकडा बराच वेळ शंभर टक्क्यांजवळ अडकलेला असेल आणि सीपीयू मात्र दहा-वीस टक्क्यांवर रेंगाळत असेल, तर बाई मोकळी बसली आहे आणि कोठीच्या दारात गर्दी आहे असे समजावे. अशा संगणकाला एसएसडीचा गुण नक्की येतो. त्याच चौकटीत 'परफॉर्मन्स' या भागात गेल्यास विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांत डिस्क एचडीडी आहे की एसएसडी, हेही लिहिलेले असते. तेथे आधीच एसएसडी असेल तर दुखणे दुसरे आहे.

मेमरीचा आकडा नव्वदीच्या वर राहत असेल, तर ओटा अपुरा आहे. २ जीबी रॅमवर आज काम होत नाही, ४ जीबीवर कसेबसे भागते आणि ८ जीबी असल्यास निश्चिंती. बहुतेक संगणकांत रॅमची एक पट्टी वाढविता येते. गरज असेल तर एसएसडीबरोबरच तेही उरकून घ्यावे.

तिन्ही आकडे खाली असूनही संकेतस्थळ उघडत नसेल, तर दोष इंटरनेटचा आहे. त्याला एसएसडी काय करणार? आणि पंख्यात वर्षानुवर्षांची धूळ बसून संगणक तापत असेल, तर आधी साफसफाई करावी. तिला फारसा खर्च नाही.

मात्र हार्ड डिस्कमधून कट्-कट् असा आवाज येत असेल, तर एक दिवसही दवडू नये. ती डिस्क मरणपंथाला लागलेली असते. संगणक वारंवार चालू-बंद न करता प्रथम महत्त्वाची कागदपत्रे पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावीत.

खरेदी करताना

दुकानात जाण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात. संगणकाची कंपनी व मॉडेल, हार्ड डिस्कमध्ये सध्या किती जागा भरलेली आहे, आणि रॅम किती आहे. जुनी डिस्क ५०० जीबीची असली, तरी भरलेली जागा शे-सव्वाशे जीबीच असेल, तर २४० किंवा २५६ जीबीची एसएसडी पुरते. काठोकाठ भरेल अशी घेऊ नये. पाचवा हिस्सा मोकळा राहिला, म्हणजे ती सुखाने चालते.

जोडणीचा प्रकार जुळला पाहिजे. गेल्या पंधरा वर्षांतल्या बहुतेक संगणकांत साटा पद्धतीची जोडणी असते आणि त्यांना अडीच इंची साटा एसएसडी बसते. अलीकडच्या काही लॅपटॉपांत च्युइंगगमच्या पट्टीसारखी एम-डॉट-टू एसएसडी बसते, पण तिच्यातही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत आणि एकाच्या जागी दुसरा चालेलच असे नाही. म्हणून शक्य असेल तर लॅपटॉपच दुकानात न्यावा. फार जुन्या, रुंद चपट्या पट्टीच्या केबलचे संगणक असतील, तर त्यांच्यावर खर्च करू नये.

दर कांद्यासारखे वरखाली होतात, तेव्हा दोन-तीन ठिकाणी विचारावे. जीएसटीचे पक्के बिल घ्यावे आणि तीन किंवा पाच वर्षांची हमी पाहावी. '२ टीबी अवघ्या हजारात' अशा जाहिरातींपासून चार हात दूर राहावे. अशा कित्येक वस्तूंत आत लहानशी चिप असते आणि संगणकाला आकडा मात्र खोटा दाखविला जातो. ठराविक मर्यादेपलीकडे साठविलेले सगळे वाया जाते. बोगस बियाण्याची पिशवीही बाहेरून छानच दिसते.

बसविण्याची रीत

पहिले काम माहितीची प्रत काढण्याचे. फोटो, हिशेब, दाखले, पासवर्डांची यादी हे सारे दुसरीकडे उतरविल्याशिवाय स्क्रू सोडवू नये. बेण्याचे आले वेगळे काढल्याशिवाय आपण उरलेले बाजारात धाडत नाही, तसेच हे.

पुढे दोन वाटा आहेत. एक म्हणजे जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल नव्या एसएसडीवर उतरवायची. याला क्लोन करणे म्हणतात. एसएसडी यूएसबी केबलने बाहेरून जोडून हे करता येते. यात तुमची सगळी मांडणी जागच्या जागी राहते. दुसरी वाट म्हणजे विंडोज नव्याने घालायची आणि आपली कागदपत्रे मागाहून आणायची. यात वर्षानुवर्षांचा केरकचरा निघून जातो, पण दूध संस्थेचे किंवा हिशेबाचे खास सॉफ्टवेअर पुन्हा बसवून घ्यावे लागते. त्याची सीडी किंवा परवाना क्रमांक हाताशी नसेल, तर क्लोनच बरा.

घरच्या घरी बसविणार असाल, तर वीज बंद करून प्लग काढावा, लॅपटॉपची बॅटरी सुटी होत असल्यास काढावी किंवा आतली असल्यास तिची जोडणी सोडवावी, आणि चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून आतली उरलेली वीज उतरवावी. हात एकदा धातूच्या मोकळ्या भागाला लावावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज चिपांना बाधत नाही. मग जुनी डिस्क काढून त्याच जागी एसएसडी लावायची, स्क्रू आवळायचे. हमीच्या मुदतीतला लॅपटॉप मात्र घरी खोलू नये. टेबलावरच्या संगणकात जागा असेल, तर जुनी डिस्कही जोडलेली ठेवता येते.

बसविल्यावर 'डीफ्रॅग' करण्याच्या फंदात पडू नये. ती मशागत फिरत्या तबकडीसाठी होती. एसएसडीची देखभाल विंडोज आपली आपण करते.

एवढे मात्र होणार नाही

आता औषधाच्या मर्यादा सांगतो, नाहीतर अपेक्षाभंग व्हायचा.

विंडोज १० या प्रणालीच्या मोफत सुरक्षा-सुधारणा कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविल्या. नोंदणी करणाऱ्या घरगुती संगणकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत तेव्हा जाहीर झाली. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असल्यास तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. एसएसडी बसविल्याने हे काही बदलत नाही. तुमचा संगणक त्यात बसत नसेल, तर सुधारणा बंद झालेल्या विंडोजवर बँकेचे व्यवहार करू नयेत. अशा संगणकावर उबंटू किंवा मिंट यांसारखी मोफत लिनक्स प्रणाली घालता येते. मुलांचा अभ्यास, मराठी टंकलेखन, इंटरनेट यांना ती पुरते. हिशेबाचे खास सॉफ्टवेअर तिच्यावर चालेल का, हे मात्र आधी विचारून घ्यावे.

दुसरे असे, की एसएसडीलाही मरण आहे. फिरती डिस्क पुष्कळदा आवाज करून सूचना देते. एसएसडी मात्र एखाद्या दिवशी न बोलता बंद पडते आणि मग तिच्यातून माहिती काढणे फार अवघड आणि खर्चाचे असते. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, आणि लिहिणे चालू असताना वीज जाणे तिला चांगले नाही. टेबलावरच्या संगणकाला लहानसा यूपीएस असावा. आणि कपाटात वर्षानुवर्षे नुसती ठेवून देण्यासाठी एसएसडी वापरू नये, कारण वीज न मिळता पडून राहिली तर तिच्यातला भार हळूहळू ओसरतो.

वारणेचा धडा

आपल्या शेजारच्या वारणा खोऱ्यातली एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. १९९८ मध्ये वारणानगर परिसरातील कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांच्या ७० गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेची सहकारी संस्था यांनी मिळून गावागावांत संगणक केंद्रे उभारली. उसाची नोंद, तोडणीची पाळी, वजन आणि बिल यांची माहिती शेतकऱ्याला गावातच मिळू लागली. ज्या काळी तालुक्याच्या कचेरीतही संगणक नवलाईचा होता, तेव्हाची ही गोष्ट.

पुढे ते संगणक जुने झाले. त्यांची देखभाल जड जाऊ लागली. २००६ च्या सुमारास संशोधकांनी काही गावांत वेगळा प्रयोग केला आणि उसाच्या माहितीचे तेच काम साध्या मोबाइलवरच्या एसएमएसने करून दाखविले.

यातून घ्यायचा धडा असा, की यंत्र कामासाठी असते, काम यंत्रासाठी नसते. तुमच्या घरी संगणकाचे काम फक्त बाजारभाव पाहणे आणि सातबारा काढणे एवढेच असेल, तर ते मोबाइलवर होते. २०२१ पासून ई-पीक पाहणीसुद्धा आपण मोबाइलवरच करीत आलो. मग जुन्या संगणकावर एक रुपयाही घालू नका. पण मुलगी इंजिनिअरिंगची किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी करीत असेल, घरात दूध संस्थेचा किंवा बचत गटाचा हिशेब होत असेल, लांबलचक अर्ज टंकावे लागत असतील, तर मोठा पडदा आणि खरी कळफलक-पाटी लागतेच. अशा घराला एसएसडीचा खर्च कारणी लागतो.

जुन्या डिस्कचे काय करावे?

काढलेली डिस्क लगेच भंगारात देऊ नये. किमान महिनाभर तिला हात लावू नये. एखादा राहून गेलेला कागद तिच्यातच सापडतो. ती सुस्थितीत असेल, तर बाहेरची डबी आणून तिलाच साठवणीची डिस्क करावी. आठवड्यातून एकदा नव्या एसएसडीवरची कागदपत्रे तिच्यावर उतरवावीत आणि ती संगणकापासून वेगळी, दुसऱ्या खोलीत ठेवावी. जुने बैल नांगराला नसले, तरी हलक्या कामाला चालतात.

विकायची किंवा टाकायचीच असेल, तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. 'डिलीट' केले म्हणजे माहिती पुसली जात नाही. वहीची फक्त अनुक्रमणिका फाडली जाते, पाने तशीच राहतात. तुमच्या त्या डिस्कमध्ये आधार कार्ड, पॅन कार्ड, बँकेचे पासबुक, सातबारा आणि सहीचा नमुना असे सगळे एकत्र असते. भामट्याला याहून जास्त काय हवे? म्हणून डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून, 'क्विक' या शब्दापुढची खूण काढून तिचे पूर्ण फॉरमॅट करावे. त्याला काही तास लागतात, ते लागू द्यावेत. त्यानंतरच ती अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावी. १ एप्रिल २०२३ पासून यासाठी नवे ई-कचरा नियम लागू झाले आहेत. उकिरड्यावर किंवा शेताच्या बांधावर असले सामान टाकू नये, आणि जाळू तर मुळीच नये. तो उकिरडा पुढे आपल्याच शेतात पसरायचा असतो.

थोडक्यात, येत्या रविवारी संगणकाची ती चौकट उघडून तीन आकडे पाहा आणि कागदावर लिहा. मग आपल्या कागदपत्रांची एक प्रत काढा. हे दोन्ही काम बिनपैशाचे आहे. त्यानंतर दुकानात गेलात, तर काय हवे ते तुम्ही दुकानदाराला सांगाल, तो तुम्हाला सांगणार नाही. वाचलेला पैसा पेरणीला कामी येईल.

पुढच्या अंकी आपण घरच्या बियाण्याची उगवणशक्ती ओल्या गोणपाटावर कशी तपासावी, ते पाहू.